घरातील बाळासाठी फाटक : निवड, बसवणी आणि वापर

बडोद्यातील मराठी कुटुंबांची घरे गेल्या तीन-चार दशकांत बदलली. त्या बदलाची एक बाजू बालरोगतज्ज्ञाच्या विशेष लक्षात येते. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील जुन्या वाड्यांचा जिना बहुधा दोन भिंतींच्या मध्ये असे. अरुंद, अंधारा, चढताना दोर धरावा लागेल इतका उभा. पण त्याच्या तोंडाशी अनेकदा दार असे, किंवा वर गेल्यावर आडवी पाडण्याची जाड फळी असे. ही व्यवस्था चोरांसाठी केलेली. रांगत्या बाळाचे रक्षण तिच्यातून आपोआप होई. खोल्यांचे उंबरठेही चांगले उंच असत. आज गोत्री, मांजलपूर या बाजूंच्या टेनामेंट आणि डुप्लेक्स घरांत जिना थेट दिवाणखान्यातून वर जातो. पायऱ्या ग्रॅनाइटच्या किंवा कोटा फरशीच्या, गुळगुळीत. एक बाजू उघडी. आणि उंबरठा नावापुरताच. केर-पोछा करण्यास आणि वृद्धांच्या चालण्यास ही रचना सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु आठ महिन्यांच्या बाळाला पहिल्या पायरीपर्यंत पोचण्यास आता कोणताही अडथळा उरलेला नाही.

म्हणूनच अलीकडे दवाखान्यात एक प्रश्न वरचेवर विचारला जातो, आणि तो विचारणारे बहुधा आजी-आजोबा असतात. "डॉक्टरसाहेब, नात सुट्टीत येते आहे, महिनाभर राहील. जिन्याला फाटक लावायचे म्हणतो, कोणते घ्यावे?" बाजारात आणि इंटरनेटवर ज्यांना 'बेबी गेट' म्हणतात अशी फाटके डझनांनी मिळतात. छायाचित्रांत ती सारखीच दिसतात. त्यांतील खरा फरक छायाचित्रात दिसतच नाही, आणि जीव अवलंबून असतो तो नेमका त्या फरकावर. या प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर देत आहे.

प्रथम या प्रश्नाचा आवाका पाहू. अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत १९९९ ते २००८ या दहा वर्षांत पाच वर्षांखालील सुमारे ९ लाख ३२ हजार मुले जिन्यावरील दुखापतींमुळे आणली गेली, असा अंदाज 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. सरासरीने दर सहा मिनिटांस एक मूल. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना इजा झाली होती ती डोक्याला किंवा मानेला. याचे कारण शरीररचनेत आहे. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड, हात आखूड, आणि पडताना हात पुढे करण्याची प्रतिक्षिप्त क्रिया अद्याप कच्ची. आपण पडतो तेव्हा हात-गुडघे फुटतात. बाळ पडते तेव्हा कपाळ आणि टाळू पुढे येतात.

फाटक लावले की हे सारे टळते, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. येथे दुसरा एक अभ्यास लक्षात घ्यावा लागतो. अमेरिकेतच १९९० ते २०१० या काळात खुद्द या फाटकांशी संबंधित दुखापती झालेल्या सात वर्षांखालील मुलांची संख्या सुमारे ३७,६०० होती, आणि लाख मुलांमागील प्रमाण या अवधीत ३.९ वरून १२.५ वर गेले. जखमी मुलांत साठ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांखालील होती. या लहानग्यांच्या इजेचे प्रमुख कारण असे, की फाटक निखळून पडले किंवा ते उघडे राहिले आणि बाळ जिन्यावरून खाली गेले. मोठ्या मुलांच्या बाबतीत कारण निराळे होते. ती फाटकावर चढली होती. फाटके निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. चुकीच्या जागी लावलेले चुकीचे फाटक घरच्यांना निर्धास्त करते आणि बाळाला मात्र अडवीत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

या फाटकांच्या मुख्य जाती दोन. पहिली, भिंतीत भोके पाडून, प्लास्टिकचे गट्टू ठोकून, स्क्रूने पक्की बसवायची. दुसरी, दोन भिंतींच्या किंवा चौकटीच्या मध्ये नुसत्या दाबाने अडकवायची. हिच्या चार कोपऱ्यांना रबरी टोकांचे आटे असतात आणि ते फिरवून ताण दिला जातो. दुसरी जात लोकप्रिय आहे, कारण भिंतीला भोक पडत नाही, सुतार बोलवावा लागत नाही आणि पाहुणे गेले की ती काढून माळ्यावर टाकता येते. दुकानदारही तीच पुढे करतो.

माझे मत या बाबतीत ठाम आहे. जिन्याच्या वरच्या तोंडाशी दाबाचे फाटक कधीही लावू नये. तेथे स्क्रूने बसवलेलेच फाटक हवे. महिनाभरासाठी असले तरी, भाड्याचे घर असले तरी. भोके नंतर बुजवता येतात.

याचे कारण यांत्रिक आहे. दाबाचे फाटक जागेवर राहते ते केवळ घर्षणामुळे. आपल्याकडील भिंतींना डिस्टेंपर किंवा गुळगुळीत प्लॅस्टिक पेंट असतो, जिन्याच्या बाजूला अनेकदा फरशीची पट्टी असते आणि दुसऱ्या बाजूला स्टीलचा गोल खांब. अशा पृष्ठभागांवर रबर घसरते. शिवाय दिवसातून पन्नास वेळा दार उघडले-मिटले की आटे थोडेथोडे सैल होतात, आणि ते डोळ्यांना कळत नाही. बाळ काही फाटकाला हलकेच टेकत नाही. ते दोन्ही हातांनी वरचा दांडा पकडते, उभे राहते आणि सगळे वजन टाकून गदागदा हलविते. दाराच्या चौकटीत असे फाटक सुटले तर बाळ फाटकासह सपाट जमिनीवर पडते. रडते, क्वचित टेंगूळ येते. जिन्याच्या वर सुटले तर बाळ आणि फाटक दोन्ही खाली जातात. काही वर्षांपूर्वी अकरा महिन्यांचे एक बाळ माझ्याकडे आले, ते असेच. सहा पायऱ्या, सोबत लोखंडी सांगाडा, आणि डोक्याच्या बाजूच्या हाडाला रेघेसारखा अस्थिभंग. सुदैवाने मेंदूला इजा नव्हती आणि मूल पूर्ण बरे झाले. ते फाटक महागडे होते, नवे होते आणि त्याच्या खोक्यावर 'जिन्याच्या वर वापरू नये' असे बारीक अक्षरांत छापलेलेही होते.

अमेरिकेत जुलै २०२१ पासून या फाटकांसाठी सुरक्षा-मानक कायद्याने बंधनकारक झाले. त्यात दाबाच्या फाटकाने सुमारे साडेतेरा किलो वजनाइतका ढकलण्याचा जोर निरनिराळ्या ठिकाणी सोसला पाहिजे, अशी अट आहे. बहुतेक दाबाची फाटके ती पुरी करतात, ती भिंतीला स्क्रूने लावायच्या छोट्या वाट्यांच्या आधारे. या वाट्या खोक्यात असतात. पुष्कळ लोक त्या न लावताच फेकून देतात. दाबाचे फाटक घेतलेच, तर चारही वाट्या लावल्यावाचून ते वापरू नये. खरेदी करताना खोक्यावर अमेरिकेचे 'ए.एस.टी.एम. एफ १००४' किंवा युरोपचे 'ई.एन. १९३०' या मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहावे. ज्या मालावर कसलाच उल्लेख नाही, तो स्वस्त असला तरी सोडून द्यावा.

मग दाबाचे फाटक कोठे चालेल? स्वयंपाकघराच्या दारात ते उत्तम. पातेल्यातील उकळते दूध, नुकताच उतरवलेला कुकर, ओट्याच्या कडेला ठेवलेला चहा यांनी भाजलेली बालके आपण सर्व डॉक्टर मंडळी वारंवार पाहतो, आणि माझ्या मते आपल्या घरांत फाटकाची पहिली जागा जिना नसेल तेथे स्वयंपाकघरच आहे. देवघर वेगळ्या खोलीत असेल तर समई-निरांजनासाठी तेथेही उपयोग होतो. जिन्याच्या खालच्या तोंडाशी दाबाचे फाटक चालते. मात्र बाळाला वर चढण्यास वाव मिळू नये म्हणून ते पहिल्या पायरीच्या अलीकडे असावे. न्हाणीघरासाठी फाटकापेक्षा बाहेरून वरच्या बाजूला लावायची कडी बरी, आणि भरलेली बादली आत ठेवूच नये. गच्ची आणि बाल्कनी यांना फाटक हा उपाय नव्हे. तेथे दार बंद आणि वरची कडी लावलेली, एवढेच.

आता मापे. फाटक विकत घेतले किंवा सुताराकडून अथवा फॅब्रिकेटरकडून करवून घेतले, तरी ती एकच. (करवून घेण्यात गैर काही नाही. आपल्याकडील जिने इतक्या तऱ्हांचे आहेत की पुष्कळदा तेच सोयीचे पडते.) अमेरिकी मानकात उंची किमान ५६ सेंटीमीटर आहे, मी ७५ सांगतो, कारण आपली मुले फाटक दोन वर्षे वापरतात आणि तोवर वाढतात. सारे गज उभेच हवेत. आडव्या पट्ट्यांचे फाटक म्हणजे बाळाला करून दिलेली शिडी. दोन गजांमधील मोकळी जागा ६ सेंटीमीटरहून कमी असावी. याहून जास्त फटीतून धड सरकते आणि डोके अडकते. जमीन आणि खालचा दांडा यांमधील फट ५ सेंटीमीटरच्या आत ठेवावी. वरचा भाग सरळ आणि गुळगुळीत असावा. नक्षीसाठी काढलेली टोके, भाले, कमळे नकोत, त्यांत कपड्याचा गळा अडकतो. पूर्वी चौकटी-चौकटींचे, हार्मोनियमच्या भात्याप्रमाणे मिटणारे लाकडी फाटक येत असे. त्याच्या वरच्या बाजूच्या इंग्रजी 'व्ही'सारख्या खाचांत मान अडकून अमेरिकेत बालमृत्यू झाले आणि १९८५ नंतर तसली बनावट तेथे थांबली. परदेशातून आणलेले असे जुने फाटक कोणाच्या माळ्यावर असेल तर ते कोणालाही देऊ नये, मोडून टाकावे.

रंग लावायचा असल्यास एक गोष्ट. दात येत असलेले मूल वरचा दांडा चघळतेच. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पर्यंतच असावे, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. तेव्हा सुताराच्या दुकानातील जुना उरलेला डबा न वापरता, शिसे नसल्याचे लिहिलेला नवा डबा आणून द्यावा.

बसवताना रुंदी दोन ठिकाणी मोजावी, खाली आणि वर. खाली स्कर्टिंगची पट्टी असते आणि तेवढ्याने माप चुकते. बिजागरीची बाजू वीटबांधणीच्या भिंतीत असावी. दुसऱ्या बाजूला स्टीलचा किंवा काचेचा कठडा असेल तर त्याला भोक पाडण्याच्या फंदात पडू नये. खांबाला पट्ट्यांनी आवळून लाकडाची उभी फळी बसवावी आणि कडी त्या फळीवर घ्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वरच्या तोंडाचे फाटक खोलीच्या बाजूस उघडले पाहिजे, जिन्याच्या बाजूस कधीच नाही. जिन्याकडे उघडणाऱ्या फाटकासोबत माणूस नकळत एक पाऊल शून्यात टाकतो.

येथपर्यंतची माहिती खोक्यावरील सूचनापत्रातही मिळू शकेल. सूचनापत्रे लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर मात्र आई, वडील आणि मूल एवढेच घर असते. आपल्या घरात सत्तरीच्या आजी असतात, गुडघे दुखणारे आजोबा असतात, सकाळी केर काढायला येणारी बाई असते, आणि वरच्या मजल्यावर अभ्यास करणारा, दिवसातून वीस वेळा धावत खाली-वर करणारा भाऊ असतो. फाटक वापरणार ते हे सगळे. दिवसातील पन्नास उघडझापींपैकी एकोणपन्नास बरोबर झाल्या आणि एक राहून गेली, तरी बाळाला तेवढी एक पुरते.

दाबाच्या फाटकाला जमिनीलगत एक आडवा दांडा असतो. दार उघडले तरी तो तेथेच राहतो. दोन-तीन सेंटीमीटरचा हा दांडा तरुण माणसाला जाणवतही नाही. साडीची निरी आणि मोतीबिंदू असलेल्या आजींना मात्र तो रात्री जाणवतो तो पायाला लागल्यावरच. अशा दांड्याला अडखळून मनगट मोडलेल्या आजी आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांनी पाहिल्या आहेत. जिन्याच्या वर असा दांडा असेल आणि आजींच्या कडेवर नातू असेल, तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही. वर उल्लेखिलेल्या २०१२ च्या अभ्यासात एक वर्षाखालील जखमी बालकांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश बालके पडली त्या वेळी ती कोणाच्या तरी कडेवर होती. म्हणजे बाळ स्वतः रांगत जाऊन पडते, हे आपल्या मनातील चित्र अपुरे आहे.

स्क्रूच्या, दारासारख्या उघडणाऱ्या फाटकाला बहुधा खालचा दांडा नसतो. दार उघडले की वाट पूर्ण मोकळी. बाळाच्या हिताचे तेच आजींच्या हिताचे, आणि वृद्ध असलेल्या घरात मी स्वयंपाकघरासाठीही हेच सुचवितो.

कडीची निवड आजींच्या हाताने करावी, हा माझा नेहमीचा आग्रह. बाजारातील कित्येक फाटकांना एकाच वेळी बटण दाबून, वर उचलून, बाजूला सरकवायची कडी असते. मुलाला ती उघडू नये हा हेतू योग्यच. परंतु संधिवात झालेल्या बोटांनाही ती उघडत नाही. मग काय होते? आजोबा कडी सोडून देतात आणि फाटक ओलांडून जातात. एक हात भिंतीला, एक पाय वर, पुढे जिना. किंवा घरचेच कोणी फाटक दोरीने अर्धवट उघडे बांधून ठेवते. अशा घरात फाटक असण्यापेक्षा नसलेले बरे, असे मी स्पष्ट सांगतो, कारण निदान त्या स्थितीत सर्वांचे लक्ष बाळावर तरी असते. तेव्हा फाटक घेताना आजी-आजोबांना दुकानात न्यावे, एका हाताने ते उघडते का ते त्यांच्याकडून पाच वेळा करवून पाहावे. आपोआप मिटणारे मिळाले तर उत्तम. इंटरनेटवरून मागवले असेल तर हीच परीक्षा घरी, परत करण्याची मुदत संपण्याआधी घ्यावी. जिन्याच्या वर रात्रभर एक मंद दिवा जळत ठेवावा.

गुंडाळी होणारे जाळीचे फाटकही हल्ली मिळते. खाली दांडा नाही आणि एरवी ते दिसतही नाही, हे त्याचे गुण. पण ते लावायला बहुधा दोन्ही हात लागतात, आणि कडेवर मूल असताना दोन हात कोणापाशी नसतात. दाराच्या चौकटीत ते लावावे. जिन्याच्या वर माझा त्याला कौल नाही.

ओघाने वॉकरविषयी. चाकांच्या वॉकरमधील बाळ फाटकावर आदळते ते पायाने ढकललेल्या गाडीच्या वेगाने, आणि दाबाचे फाटक तो धक्का सोसेलच असे नाही. कॅनडाने एप्रिल २००४ मध्ये या वॉकरांच्या विक्रीवर संपूर्ण बंदी घातली. वॉकरने मूल लवकर चालत नाही. बारशाच्या भेटीत आलेला वॉकर कौतुकाने ठेवून घ्यावा आणि चाके काढून टाकावीत.

आता मूल पडलेच तर. दोन वर्षांखालील बाळाच्या बाबतीत ९० सेंटीमीटरहून अधिक उंचीवरून पडणे गंभीर धरावे, असे २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बेचाळीस हजारांहून अधिक मुलांच्या अमेरिकी अभ्यासातून निघालेले सूत्र आपल्या व्यवसायबंधूंच्या परिचयाचे आहेच. पायऱ्यांच्या हिशेबात साधारण पाच पायऱ्या. त्याच सूत्रात कपाळावरील टेंगळापेक्षा डोक्याच्या बाजूची किंवा मागची मऊ सूज अधिक चिंतेची मानली आहे. पाच सेकंद वा अधिक काळ शुद्ध हरपणे आणि 'हे नेहमीसारखे वागत नाही' हे आईचे म्हणणे, यांनाही स्थान आहे. त्या शेवटच्या वाक्याला आपण डॉक्टरांनी अधिक मान द्यावा, असे मला वाटते. घरच्यांसाठी इतकेच : पुन्हा पुन्हा उलटी, झटके, जागे करूनही नीट जाग न येणे, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, एक हात-पाय न हलविणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. पडलेल्या मुलाला झोपू देऊ नये, ही समजूत जुनी आहे. त्याच्या झोपेची वेळ असेल तर झोपू द्यावे. मात्र मधून हालवून पाहावे की ते कुरकुरते, कूस बदलते, नेहमीसारखे उठते.

फाटक लावायचे केव्हा? बाळ रांगू लागण्यापूर्वी, म्हणजे सहाव्या महिन्याच्या सुमारास. बाळ कोणत्या सकाळी रांगायला लागेल, हे आगाऊ कळत नाही. काढायचे केव्हा, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. ही फाटके सहा ते चोवीस महिन्यांच्या मुलांसाठी असतात. मूल ९० सेंटीमीटर उंच झाले, किंवा त्याआधीच त्याने वरच्या दांड्यावर पाय टाकला, त्या दिवशी फाटकाचे काम संपले. त्यानंतर ते मुलाला अडवीत नाही, केवळ पडण्याची उंची पाऊण मीटरने वाढविते. तोवर मुलाला जिना उतरण्यास शिकवावे : पोटावर, पाय पुढे सोडून, सरकत. वर्षाच्या आसपास मूल चढायला शिकते, उतरायला त्याहून उशिरा. म्हणून मोठ्या माणसाने दोन पायऱ्या खाली बसून रोज पाच मिनिटे हा सराव घ्यावा. मुलांना तो खेळ फार आवडतो.

काढलेले फाटक आपल्याकडे सहसा पुढच्या नातवंडाकडे किंवा शेजारी जाते, आणि ते योग्यच आहे. देताना सर्व स्क्रू, गट्टू, वाट्या आणि सूचनापत्र एका पिशवीत घालून ती फाटकालाच बांधावी. घेणाऱ्याने बिजागरी, कडीची स्प्रिंग आणि जोड हलवून पाहावेत, गट्टू नवे आणावेत, आणि एखादा भाग हरवला असेल तर सुतळीने किंवा तारेने वेळ मारून न नेता ते फाटक नाकारावे.